नोट पारखणारे यंत्र

चांदीचा रुपया चलनात होता त्या काळी बाजारातील दुकानदार गिऱ्हाइकाने दिलेला रुपया तसाच गल्ल्यात टाकीत नसे. तो आधी रुपया अंगठ्याच्या नखावर उडवी किंवा समोरच्या दगडी पायरीवर आपटून पाही. खणखणीत आवाज निघाला म्हणजे रुपया खरा. आवाज बद्द निघाला, तर चांदीत हीण मिसळले आहे असे समजून तो परत करण्यात येई. ‘नाणे वाजवून घेणे’ हा मराठीतील वाक्प्रचार याच व्यवहाराची आठवण करून देतो. एवढ्यावरही शंका उरली, तर सराफाचा तराजू जवळच असे. रुपयाचे वजन एक तोळा. त्यात थोडा फरक पडला तरी सराफाच्या ध्यानात येई.

पुढे कागदी नोटा सर्रास चलनात आल्या आणि ही परीक्षा संपली. नोट वाजत नाही. तिचे वजन एक ग्रॅमच्या आसपास असते, आणि दहाची नोट व शंभराची नोट यांच्या वजनातील फरक हाताला कळण्यासारखा नसतो. दुकानदार आता नोट बोटांनी चाचपतो, उजेडात धरतो आणि मनाशी निर्णय करतो. त्याचे डोळे आणि त्याची बोटे हीच त्याची कसोटी. परंतु जेथे दुकानदारच नाही, तेथे काय करावयाचे?

मोठ्या शहरांतील मेट्रो स्थानकांवर तिकिटे देणारी उंच, चौकोनी यंत्रे उभी असलेली दिसतात. त्यांच्यामागे माणूस बसलेला नसतो. प्रवाशाने पडद्यावर बोट ठेवून स्थानक निवडावे, एका अरुंद फटीत नोट सरकवावी, आणि खालच्या खणातून तिकीट व उरलेले पैसे उचलावे. अशाच एका स्थानकावर भल्या पहाटे एक भाजीवाल्या बाई आल्या. तिकीटखिडकी अजून उघडली नव्हती आणि गाडी येण्यास पाच मिनिटे होती. त्यांनी कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढली आणि फटीत घातली. क्षणभर यंत्र घरघरले आणि नोट बाहेर आली. त्यांनी ती उलटी करून घातली. पुन्हा बाहेर आली. नोट खरी होती. आदल्या दिवशी तीच नोट एका गिऱ्हाइकाने मेथीच्या जुडीसाठी दिली होती. तरीही यंत्राने ती घेतली नाही. बाईंची गाडी आली आणि निघून गेली.

खरी नोट यंत्राने का नाकारली, हे समजण्यासाठी त्या फटीच्या आत काय घडते ते पाहिले पाहिजे.

पैसे घेऊन वस्तू देणाऱ्या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरात हेरॉन नावाचा एक विद्वान होता. मंदिरात येणाऱ्या भाविकांना पवित्र पाणी देणाऱ्या एका पात्राचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. भाविकाने फटीतून नाणे टाकले की ते आतील तरफेच्या एका टोकावर पडे. नाण्याच्या भाराने ते टोक खाली जाई, दुसरे टोक वर उचलले जाई व पाण्याची झडप उघडे. कललेल्या टोकावरून नाणे घसरून पडले की झडप पुन्हा बंद होई. आपल्याकडील रेल्वेस्थानकांवर रंगीबेरंगी दिव्यांची वजनयंत्रे असत. त्यांत नाणे टाकले म्हणजे वजनाचे छोटे कार्ड बाहेर पडे, आणि कार्डाच्या पाठीवर भविष्यही छापलेले असे. वजन बरोबर असो वा नसो, भविष्य मात्र बहुधा चांगलेच निघे! या सर्व यंत्रांना नाण्याचा भार, आकार किंवा धातू एवढेच कळे, आणि तेवढे पुरे होई. नोटेला मात्र ना भार, ना नाद. म्हणून नोट ओळखण्यासाठी प्रकाशाची मदत घ्यावी लागली.

तिकीटयंत्राच्या पोटात नोट घेणारा भाग स्वतंत्र असतो. तंत्रज्ञ त्याला ‘नोट अ‍ॅक्सेप्टर’ म्हणतात. आपण त्याला नोटग्राहक म्हणू. त्याच्या तोंडाशी हिरवे दिवे एकामागून एक लुकलुकत असतात. नोट घेण्यास आपण तयार आहोत, हे तो या दिव्यांनी सांगतो. फटीच्या आत लगेचच एक अदृश्य किरण आडवा सोडलेला असतो. नोटेची कड त्या किरणाच्या आड आली की मोटर फिरू लागते, रबरी पट्टे व रोलर नोट पकडतात आणि तिला सारख्या वेगाने आत ओढतात. हा वेग सारखा असणे फार महत्त्वाचे आहे. कापड मोजताना गज मध्येच लहान-मोठा झाला, तर माप जसे चुकेल, तसेच नोट मध्येच अडखळली तर यंत्राचे माप चुकते.

पट्ट्यांच्या मधल्या वाटेत वर आणि खाली बारीक दिवे व प्रकाश टिपणारे सेन्सर बसविलेले असतात. नोट त्यांच्यामधून सरकत असताना तिच्यावर क्रमाक्रमाने निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाडला जातो. तांबडा, हिरवा, निळा, आणि त्यांच्या जोडीला माणसाच्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही. काही प्रकाश नोटेवरून परावर्तित होतो, काही तिच्यातून आरपार जातो. सेन्सर हा प्रकाश क्षणाक्षणाला मोजतात. नोटेवर गांधीजींचे चित्र आहे की कोणा राजाचे, हे यंत्र पाहत नाही. त्याच्यापुढे आकड्यांची एक लांबलचक ओळ येते: येथे उजेड इतका, पुढच्या बिंदूवर इतका, त्याच्या पुढे एकदम कमी. डोंगरदऱ्यांच्या रांगेची कड आकाशावर उमटावी, तशी या आकड्यांची कड प्रत्येक किमतीच्या नोटेसाठी वेगळी उमटते. सह्याद्रीची ओळखीची रांग पाहून वाटसरूला आपण कोठे आहोत ते कळते. तसेच ही कड पाहून यंत्राला नोट कोणती ते कळते.

नुसता रंग पाहणे पुरेसे नाही. रंग तर छायाप्रतीतही उतरतो. म्हणून निरनिराळी यंत्रे आणखी निरनिराळ्या कसोट्या लावतात. नोटांचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनवितात. बाजारातील साधा पांढरा कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्ये मिसळलेली असतात. अतिनील किरणांखाली असा कागद निळसर उजेडाने झळकतो. अशीच द्रव्ये असलेल्या साबणाने धुतलेला सदरा काही विशिष्ट दिव्यांखाली लखलखतो, तोच हा प्रकार. नोटेचा कागद मात्र तसा झळकत नाही. त्याच्यावर मुद्दाम वापरलेली शाई व धागेच काय ते चमकतात. शिवाय साध्या उजेडात सारख्याच दिसणाऱ्या दोन शायांपैकी एक अवरक्त किरण शोषून घेते व दुसरी परत पाठविते, असेही असू शकते. हे अंतर डोळ्यांना कधीच दिसत नाही, यंत्राला मात्र लख्ख दिसते. नोटेच्या कागदात विणल्यासारखा एक सुरक्षा धागा असतो. शंभर व त्याहून अधिक किमतीच्या नोटांतील हा धागा नोट तिरकी केली असता हिरव्याचा निळा होतो. अशा धाग्याची किंवा शाईची चुंबकीय खूण असेल, तर ती शोधण्यासाठी काही यंत्रांत चुंबकीय सेन्सरही ठेवलेले असतात.

या सर्वांच्या आधी नोटेची लांबीरुंदी मोजली जाते. भारतीय नोटांच्या बाबतीत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. जुन्या मालिकेतील शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब व ७३ मिलिमीटर रुंद आहे. २०१८ साली आलेली जांभळट रंगाची शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब व ६६ मिलिमीटर रुंद आहे. दहाची जुनी नोट १३७ मिलिमीटर लांब, तर नवी १२३ मिलिमीटर. विसाच्या नव्या नोटेवर मागील बाजूस वेरूळची लेणी आहेत, आणि तीही जुन्या विसाच्या नोटेहून आखूड आहे. जुन्या आणि नव्या दोन्ही नोटा चलनात आहेत आणि दोन्ही सारख्याच खऱ्या आहेत. तेव्हा यंत्राला एकाच किमतीची दोन निरनिराळी रूपे ठाऊक असावी लागतात. त्यातही नोट चार प्रकारांनी फटीत येऊ शकते: सुलटी किंवा पालथी, आणि प्रत्येक वेळी या टोकाकडून किंवा त्या टोकाकडून. म्हणजे एका दहाच्या नोटेच्या आठ कडा यंत्राच्या स्मरणात हव्यात.

हे स्मरण यंत्राला जन्मतः नसते. ते त्याला द्यावे लागते. कोरी, वापरलेली, मळकी, चुरगळलेली अशा पुष्कळ खऱ्या नोटा यंत्रातून फिरवून कारखान्यातील अभियंते त्यांची मापे घेतात. प्रत्येक बिंदूवर आकडा किती खाली जाऊ शकतो व किती वर जाऊ शकतो याच्या मर्यादा ते ठरवितात आणि तो सर्व तक्ता यंत्राच्या स्मृतीत भरतात. नवी नोट चलनात आली की हा तक्ता बदलावा लागतो. तो बदलला नाही, तर छापखान्यातून नुकतीच आलेली करकरीत नोटही यंत्राच्या दृष्टीने अनोळखी कागदच ठरते.

याचा प्रत्यय साऱ्या देशाला एकदा आला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या जुन्या नोटा चलनातून रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि पाचशे व दोन हजारांच्या नव्या नोटा निघाल्या. नाशिकरोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथे नोटांचे छापखाने आहेत. तेथून नोटा निघाल्या की त्या लोकांच्या हाती पडतील, असे कोणासही वाटावे. परंतु बँकांच्या एटीएम यंत्रांतील नोटांच्या पेट्या जुन्या नोटांच्या मापाप्रमाणे लावलेल्या होत्या. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब होती, नवी १५० मिलिमीटर. लहान नोट मोठ्या खणात सैल पडते, आणि तिला उचलणारे रोलर चुकतात. देशात त्या वेळी सुमारे दोन लाख एटीएम यंत्रे होती. तंत्रज्ञांना गावोगाव फिरून, एकेक यंत्र उघडून, पेट्यांची मापे बदलावी लागली. बाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या. नोटा घेणाऱ्या यंत्रांनाही नव्या नोटांची ओळख नव्याने करून द्यावी लागली. कागदाच्या लांबीत पडलेल्या सतरा मिलिमीटरांच्या फरकाचे मोल लोकांना तेव्हा कळले.

आता भाजीवाल्या बाईंच्या नोटेकडे वळू. यंत्राच्या मर्यादा ठरविताना अभियंत्यांपुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. मर्यादा फार सैल ठेवल्या, तर एखादी खोटी नोटही आत जाईल व मालकाचे नुकसान होईल. मर्यादा फार आवळल्या, तर खोटी नोट आत जाणार नाही हे खरे. पण वापरून मऊ पडलेली, घामाने ओलावलेली, घडीवर झिजलेली खरी नोटही परत येईल. खोट्याला खरे म्हणणे ही एक चूक, आणि खऱ्याला खोटे म्हणणे ही दुसरी. एक चूक कमी करू गेले की दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी शून्यावर आणणारे यंत्र अद्याप निघालेले नाही. अधिक सेन्सर लावून दोहोंचे प्रमाण खाली आणता येते एवढेच.

येथे एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पहिल्या चुकीचा तोटा यंत्राच्या मालकाला होतो, आणि तो हिशेबात दिसतो. दुसऱ्या चुकीचा तोटा फटीसमोर उभ्या असलेल्या माणसाला होतो, आणि तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. लहान किमतीच्या नोटा सर्वांत अधिक हात फिरतात, म्हणून त्याच सर्वांत लवकर मळतात व झिजतात. पाचशेची नोट पाकिटात सरळ राहते. दहाची नोट मुठीत, कनवटीला, पावसात भिजलेल्या खिशात राहते. म्हणजे यंत्र कडक केले की त्याचा जाच आधी कोणाला होतो, हे सांगावयास नको. ज्यांच्या हाती मोबाईल आहे त्यांना पडद्यावरील चौकोनी खुणेने पैसे देता येतात. ज्यांच्या हाती फक्त मऊ पडलेली नोट आहे, त्यांना ही फट एवढेच द्वार असते. म्हणून जाणते तंत्रज्ञ मोठ्या किमतीच्या नोटांसाठी परीक्षा कडक ठेवणे आणि लहान किमतीच्या नोटांसाठी ती थोडी सौम्य ठेवणे पसंत करतात. अनेक यंत्रांत तशी सोय असते.

नोट खरी ठरली म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नाही. नोटग्राहक नोट लगेच पेटीत टाकीत नाही. ती वाटेतच धरून ठेवतो. या स्थितीला तंत्रज्ञ ‘एस्क्रो’ म्हणतात. दोघांच्या भांडणात वादातील वस्तू गावच्या पाटलाकडे ठेवावी, तशी नोट या वेळी कोणाचीच नसते. नोटग्राहक तिकीटयंत्राच्या संगणकाला कळवितो, ‘पन्नासाची नोट आली आहे, घेऊ का?’ तिकिटाचा कागद शिल्लक आहे ना, परत देण्यास सुटे पैसे आहेत ना, प्रवाशाने मध्येच तिकीट रद्द तर केले नाही ना, हे संगणक पाहतो आणि मग ‘घे’ किंवा ‘परत दे’ अशी आज्ञा करतो. ही सोय नसती, तर नोट गिळून ‘तिकिटाचा कागद संपला आहे’ असे सांगणारी यंत्रे जागोजाग दिसली असती. ‘घे’ अशी आज्ञा झाली की नोट पुढे सरकते आणि एक सपाट दांडा तिला पेटीतील नोटांच्या थप्पीवर दाबून बसवितो. त्या वाटेवर अशी अडसर ठेवलेली असते की एकदा आत गेलेली नोट दोऱ्याने बांधून मागे ओढता येऊ नये. असा प्रयत्न झाला की यंत्राला ते कळते आणि ते तोंड बंद करून बसते. पेटीला कुलूप असते आणि बहुधा ती कुलुपासह उचलून हिशेबाच्या खोलीत नेतात. पेटी बदलणाऱ्या माणसाजवळ तिची किल्ली नसते. ही पद्धत सर्वत्र पाळली जाते असे नाही, पण जेथे पाळतात तेथे भांडणे कमी होतात.

असे यंत्र नव्याने बसवायचे म्हणजे काम बारकाईचे. नोटग्राहक समपातळीत व घट्ट बसवावा लागतो. तो तिरका बसला तर नोटाही तिरक्या जातात. फटीवर थेट ऊन येता कामा नये, कारण उन्हात अवरक्त किरण भरपूर असतात आणि ते आत शिरले की सेन्सरांना आपला प्रकाश कोणता व सूर्याचा कोणता हे उमगत नाही. सकाळी नीट चालणारे यंत्र रोज दुपारी चार वाजता नोटा नाकारू लागले, तर तंत्रज्ञाने आधी पश्चिमेकडे पाहावे! नोटग्राहकाला बहुधा १२ किंवा २४ व्होल्टची वीज लागते. मोटर सुरू होताना ती एकदम अधिक वीज ओढते. पुरवठा दुबळा असेल तर त्याच क्षणी यंत्र गडबडते आणि नोट मध्येच सोडते.

त्यानंतर नोटग्राहक आणि संगणक यांची बोलाचाली जुळवावी लागते. नव्या पद्धतीची यंत्रे एकमेकांना पूर्ण निरोप पाठवितात. जुन्या साध्या पद्धतीत मात्र नोटग्राहक विजेचे ठोके देतो. त्यांना ‘पल्स’ म्हणतात. समजा, दर दहा रुपयांना एक ठोका असे ठरविले. मग पन्नासाच्या नोटेला पाच ठोके आणि शंभराच्या नोटेला दहा ठोके होतील. एकेक ठोका सेकंदाच्या लहानशा अंशाचाच असतो. आता नोटग्राहक दहा रुपयांना एक ठोका देत आहे, पण संगणकाला मात्र एक ठोका म्हणजे पाच रुपये असे शिकविले आहे, असे झाले तर? शंभराची नोट घालणाऱ्याच्या नावावर पन्नासच रुपये जमा होतील. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने अचूक असतील, आणि गिऱ्हाईक मात्र फसेल. म्हणून ठोक्यांचा मेळ बसला की नाही हे प्रत्येक किमतीची नोट घालून पाहिल्याखेरीज यंत्र लोकांसाठी खुले करू नये.

कोणत्या किमतीच्या नोटा घ्यावयाच्या, ठोके किती द्यावयाचे, परीक्षा किती कडक ठेवावयाची, हे नोटग्राहकाला सांगण्याच्याही निरनिराळ्या रीती आहेत. काहींच्या पाठीवर अगदी चिमुकल्या बटणांची रांग असते. त्यांतील काही वर व काही खाली केली की हुकूम बदलतो. काहींना संगणकाची तार जोडून सांगावे लागते. सर्वांत गमतीची रीत म्हणजे चिठ्ठीची. नोटेच्या आकाराची एक छापील चिठ्ठी मिळते. तिच्यावरील हवे ते चौकोन पेन्सिलीने काळे करावयाचे आणि ती नोटेप्रमाणेच फटीत सरकवावयाची. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतील गोल भरावेत तसे हे काम. यंत्र ती चिठ्ठी वाचते, त्यातील आज्ञा स्मरणात ठेवते आणि चिठ्ठी परत देते.

नवे यंत्र बसविताना तंत्रज्ञांना वारंवार सतावणारा एक दोष तसा दोषच नव्हे. वीज आहे, तारा जोडल्या आहेत, तरी तोंडाशी दिवे लागत नाहीत आणि नोट घातली तरी मोटर हलत नाही. नवशिका तंत्रज्ञ नोटग्राहक बिघडला असे समजून तो उघडून बसतो. वास्तविक संगणकाने ‘आता नोटा घेण्यास हरकत नाही’ अशी परवानगी दिलेली नसते, आणि परवानगीवाचून नोटा न घेणे हे नोटग्राहकाचे कर्तव्यच आहे.

चालू यंत्र बिघडले तर जाणता तंत्रज्ञ आधी हत्यार न उचलता दिव्यांकडे पाहतो. पुष्कळ नोटग्राहक ठरावीक वेळा दिवा लुकलुकवून आपले दुखणे सांगतात. दोन वेळा लुकलुकला तर एक अर्थ, तीन वेळा तर दुसरा. हे अर्थ प्रत्येक कारखान्याच्या यंत्रात वेगळे असतात, म्हणून त्याबरोबर आलेली पुस्तिका हाताशी असावी लागते. पेटी भरली असेल किंवा नीट आत बसली नसेल, तर यंत्र एकही नोट घेत नाही. असे झाले तर पेटी काढून, रिकामी करून, ‘खट्’ असा आवाज होईपर्यंत पुन्हा बसविली की काम होते. सर्व नोटा परत येत असतील तर काचा मळल्याचा संशय घ्यावा. एकाच किमतीच्या नोटा परत येत असतील, तर त्या किमतीला मनाई झाली आहे किंवा तक्ता जुना आहे असे समजावे. नोट अर्धी जाऊन अडकत असेल, तर पट्टे गुळगुळीत झालेले असतात किंवा वाटेत काही अडकलेले असते.

वाटेत काय काय सापडते! नोटेला टोचलेली टाचणी, चिकटपट्टीचा तुकडा, बसचे जुने तिकीट, दुमडून तुटलेला नोटेचा कोपरा, आणि कधी कधी मुलांनी गंमत म्हणून सरकवलेले चॉकलेटचे वेष्टण. अडकलेली वस्तू पकडीने खेचून काढण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास पट्टे निसटतात. नोटग्राहकाचे वरचे झाकण उघडून ती वस्तू अलगद उचलावी, हाच बरा मार्ग.

धुळीचा प्रश्न मात्र कायमचा. प्रत्येक नोट आपल्याबरोबर थोडा मळ आणते आणि तो दिव्यांवरील पारदर्शक खिडक्यांवर साठतो. खिडकी मळली की यंत्राला प्रत्येकच नोट काळवंडलेली दिसू लागते. चष्म्यावर धूळ बसली म्हणजे माणसाला आभाळ भरून आल्यासारखे वाटावे, तसेच हे. त्या खिडक्या मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसाव्या. मळ चिकट असेल तर फडके सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्यावे. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर कधीही वापरू नये. त्यांनी प्लॅस्टिकच्या खिडक्या धुरकट होतात आणि रबरी पट्टे फुगतात. नोटेच्या आकाराची सफाईची कार्डेही मिळतात. ती नोटेप्रमाणे आत घातली की जाता जाता वाट पुसून जाते. पावसाळ्यात ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण दमट नोटा मळ लवकर सोडतात आणि एकमेकींना चिकटून दोन-दोन आत जाऊ पाहतात.

नोट परत आली म्हणजे ती खोटी ठरली, असा समज काही लोकांत असतो. तो चुकीचा आहे. यंत्राने ‘ओळखली नाही’ असे म्हटले आहे, ‘खोटी आहे’ असे नव्हे. कोपरे सरळ करून, घडी तळहाताने सपाट करून, नोट फटीच्या मधोमध घातली की पुष्कळदा काम होते. फारच मळलेली किंवा फाटलेली नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते.

त्या मेट्रो स्थानकावर सातच्या सुमारास तंत्रज्ञ आला. भाजीवाल्या बाई अजून तेथेच बाकावर बसून होत्या. खिडकी उघडण्याची वाट पाहत होत्या. तंत्रज्ञाने दार उघडले, झाकण वर केले आणि खिडक्यांवरून फडके फिरविले. फडके काळे झाले. त्याने ते दाखवून म्हटले, “मावशी, नोट तुमची मळलेली नव्हती, याचे डोळेच मळले होते.” मग दार लावून त्याने आपल्या खिशातील नोटा चारही बाजूंनी घालून पाहिल्या आणि एकेक परत घेतली. शेवटी त्याने बाईंकडे हात पुढे केला. “तुमचीच द्या आता. ही गेली म्हणजे यंत्र दुरुस्त झाले असे मी वहीत लिहीन.”

बाईंनी नोट दिली नाही. त्या स्वतः उठल्या, त्यांनी ती पदरावर सपाट केली आणि फटीत सरकवली. यंत्र घरघरले. हिरवे दिवे क्षणभर थांबले आणि आतून दांड्याचा ‘खट्’ असा आवाज आला.